बिनआवाजाच्या शर्यतीला, भीमेकाठी

जायचं ठरलं ते माझ्या न जेवण्यामुळे. मी लग्न होऊन मालवणकडून पिंपरीला आले ती पन्नासच्या दशकात, औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता तेव्हा. आमचे हे तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते. आज तुम्ही ज्या भागात घराचा हप्ता भरता ना, तिथे तेव्हा ज्वारीची शेतं होती. माड नाही, समुद्र नाही, आणि बाजारात मासा म्हणून जे काही यायचं त्याचा वास आधी यायचा, मासा मागाहून. मी दोन घास खाऊन ताटावरून उठायची. हे बिचारे कधी लोणचं आणायचे, कधी केळी आणायचे, आणि मी तोंड फिरवायची. तेव्हा मी फार हट्टी होते. आताही आहे, पण आता वय बघून कोणी बोलत नाही.

यांच्याच पाळीत सोपान नावाचा जोडीदार होता, भीमेकाठच्या भोयांच्या घरातला. नाव वल्हवून माणसं पलीकडे नेणं आणि मासे धरणं हे त्यांचं पिढीजात काम. कारखान्यात येणारा घरातला हा पहिलाच. एकदा आमच्या दारात उभा राहून तो यांना म्हणाला, "राव, वहिनींना घेऊन आमच्या जत्रंला या. चैतात असती. नावांची शर्यत बघाल, आन् मासं म्हनाल तर डोह भरून!"

मी आत चुलीपाशी होते. डोह भरून मासे! त्या संध्याकाळी मी ताटातला भात संपवला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे माझ्या एका लेखात नातीने गावाचं नाव घातलं, तर लोक मोटारी आणि गाणी वाजवायची खोकी घेऊन तिथे हजर. ज्यांना खरंच जायचंय त्यांना एवढं पुरे की खेड, म्हणजे आताचं राजगुरुनगर, मागे टाकायचं आणि भीमेच्या काठाकाठाने मावळतीकडे जायचं. विचारत गेलात की सापडतं.

आम्ही नाशिक फाट्यावर एसटी पकडली. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकण. हल्ली चाकणच्या चौकात कंपन्यांच्या ट्रकांमागे जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आम्ही खेडला पोचत होतो असं मी म्हणते तेव्हा मुलगा हसतो. पण धूळ मात्र विचारू नका. चाकणला गाडी थांबली तेव्हा यांनी कागदात भजी आणली. बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागलेली, त्यातलाच कांदा असावा, कारण भजी अशी गोड लागली की मी यांच्या वाटणीचीही खाल्ली. शेजारी टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिने माझ्या बोलण्यावरून ओळखलं.

"कुठली गं तू?"

"कोकणातली. मालवणकडची."

"अगं बया! येवढ्या लांब दिली?" म्हणाली, आणि टोपलीतल्या शेंगा माझ्या ओटीत घातल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळ्यात धूळ गेली असं यांना सांगितलं.

खेडहून पुढे सोपानच्या घरची बैलगाडी आली होती. चैत्रात जाणार असाल तर डोकं झाकून घ्या आणि पाणी जवळ ठेवा. त्या वाटेवर सावली नदी देते तेवढीच. नदी म्हणजे त्या दिवसांत नुसते खडक आणि मधूनमधून चमकणारं पाणी. मी मनात म्हटलं, ही यांची भीमा! आमच्याकडे व्हाळाला, साध्या ओढ्याला, याहून जास्त पाणी असतं. मग एका वळणावर देवीचं छोटं देऊळ दिसलं, घाटाच्या पायऱ्या दिसल्या आणि खाली तो डोह. हिरवा, लांबलचक, खोल. त्याच्या खालच्या टोकाला खडकांची आडवी रांग होती, आणि तिच्यावरून पाणी झिरपत पुढच्या उथळ पात्रात जात होतं. सोपानची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, पायरीवर बसून पिठाच्या गोळ्या पाण्यात टाकत होती. पाणी ढवळून निघत होतं. माझ्या हाताएवढे, हाताहून मोठे, जाड खवल्यांचे काळसर सोनेरी मासे तोंडं उघडून वर येत होते.

मी यांना हळूच विचारलं, "यातला कुठला धरणार?"

आक्काने ऐकलं. "धरायचा न्हाई गं बाई. डोहातला मासा म्हंजी माहेरवाशीण. देवीच्या घरी आलीया चार दिस. खडकाच्या खाली उतरली की ती गेली सासरी. मग आमी धरतो. आमाला बी पोट हाय."

"म्हणजे सासरी गेली की तिला खाऊन टाकायचं?"

आक्का अशी हसली की हातातलं पीठ सांडलं. "खोटं हाय का त्यात काई?"

मला ती तिथेच आवडली. मी तिच्या शेजारी बसले आणि गोळ्या टाकू लागले. हसता हसता तिची नजर मात्र पाण्यावरून हलत नव्हती. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं. लेक हौसा, एकुलती, खूप खाली सोलापूरकडे दिलेली. याच भीमेच्या काठाला, पण गाडीवाटेने जायचं तर दिवस मोडतात. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सासरचे धाडत नाहीत. त्या घराण्याची रीत अशी की लेकीचं लग्न झालं की डोहातली एक मासोळी ओल्या फडक्यात धरायची, ओठाच्या कडेला चांदीच्या तारेची बारीक नथ अडकवायची आणि परत सोडायची. दर चैत्रात नथवाली दिसली की लेक खुशाल आहे असं समजायचं. हौसाची नथवाली दर साल दिसायची. औंदा जत्रा तोंडावर आली, आक्का रोज पीठ घेऊन बसत होती, आणि ती दिसली नव्हती.

"आसंल खाली कुठं कपारीत," आक्का म्हणाली. "दिसंल."

रात्रीचं जेवण लवकर झालं. खडकाखाली धरलेली मरळ, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. नारळ नाही, कोकम नाही, तिखट असं की कानातून धूर निघावा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. हे माझ्याकडे बघतच राहिले. पण त्या जेवणाची चव मधेच गेली, कारण सोपानच्या वडिलांनी, आबांनी, शर्यतीची गोष्ट काढली. जत्रेला अलीकडच्या आणि पलीकडच्या काठाची अशा दोन नावा धावतात. देवीची पालखी पलीकडे थांबलेली असते. जी नाव आधी पोचेल ती देवीला घेऊन परत येते. दर वर्षी शर्यत खालच्या लांब पात्रात व्हायची. या वर्षी तिथे गुडघाभर पाणी होतं. नाव तरंगेल असं पाणी फक्त डोहात.

"डोहात नाव घालायची न्हाई," आक्का म्हणाली. "आठ वल्ही आपटली की समदं मासं भिऊन खडकाखाली उतरतील. खाली परगावचे जाळी लावून बसल्यात. माझी पोर अजून दिसली न्हाई."

आबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. ताठ, पांढऱ्या मिशांचे, दंडावर अजून वल्ह्याची ताकद दिसत होती. "वरच्या अंगाला पुलाचं खांब उभं राहिल्यात. पुढच्या साली मोटारी जातील त्येच्यावरनं. मग नाव कोन इचारतं? माझी ही शेवटची शर्यत हाय गं. देवीला एकदा नेऊन आनू दे मला."

"न्या. पर माझ्या लेकीवरनं नाव घालून नका नेऊ."

दोघांचंही मला पटत होतं, आणि असं झालं की माणसाला फार त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापाशी ढोल वाजायला लागले. मी घाटावर गेले तर नावा पाण्याच्या कडेला ओढून ठेवलेल्या आणि त्यांच्यापुढे, घोटाभर पाण्यात, आक्का फतकल मारून बसलेली. सोबत आणखी पाचसहा बाया. पलीकडचे लोक हसायला लागले. कोणी ओरडलं, "आबा, बायकूला आवरा की!" कोणी म्हणालं, सत्याग्रह म्हणतात याला. सोपान लाजून लाल झाला होता. माझ्याने राहवलं नाही. मी लुगडं खोचलं आणि आक्काशेजारी जाऊन बसले. हे काठावरून डोळे वटारत होते, पण अर्धवट हसतही होते. पाणी थंडगार होतं.

आबा पायऱ्या उतरून आले. ते आता चिडणार असं मला वाटलं. ते दोन्ही नावांच्या मधे उभे राहिले आणि पलीकडच्यांना म्हणाले, "शर्यत हुईल. डोहातच हुईल. पर आवाज करायचा न्हाई. ढोल बंद. वल्हं पान्यात सरकवायचं, आपटायचं न्हाई. ज्याचं वल्हं वाजंल, त्याची नाव पुन्यांदा घाटाला. बाया खडकावर बसतील, त्या सांगतील कुनाचं वाजलं."

पलीकडचा म्हातारा नावाडी जरा विचार करून म्हणाला, "आवाज न करता वल्हवायला अंगात कसब लागतं. हाय का तुमच्या पोरांत?"

"तुमच्यात हाय का त्ये बघू," आबा म्हणाले. आणि ठरलं.

अशी शर्यत मी जन्मात पाहिली नाही. आमच्याकडे होड्या निघाल्या की बंदरभर आरडाओरडा. इथे सगळी जत्रा दोन्ही काठांवर उभी आणि कोणी खोकत नाही. आम्ही बाया खडकाच्या रांगेवर बसलो होतो, पाय पाण्यात सोडून. दोन नावा अशा सुटल्या की पाण्यावर नुसती रेघ उठत होती. पलीकडच्यांचं एक वल्हं निसटलं, चुबुक झालं, पाचसहा हात वर गेले, आणि ते लोक मुकाट्याने माघारी फिरले. आबा पुढे निघाले. सुकाणूवर उभे होते, पाठीचा कणा सरळ. आमच्या पायांखालून एकही मासा उतरला नव्हता. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि मी पदर तोंडात कोंबला होता.

डोहाच्या मधोमध आबांनी हात वर केला. चारही वल्ही थांबली. नाव जागच्या जागी उभी राहिली. आबा वाकून खाली पाण्यात बघत होते. काठावर कुजबूज सुरू झाली. पलीकडची नाव परत सुटली होती, हळूहळू जवळ आली, बाजूने निघून गेली. आबा वाकलेलेच. ती नाव पलीकडे लागली तेव्हा त्यांनी हात खाली केला.

देवी पलीकडच्यांच्या नावेतून आली. आबा घाटावर उतरले, गर्दीतून सरळ आक्काकडे आले. ओल्या पायांनी मी तिच्या शेजारीच उभी होते.

"आली व्हती," ते म्हणाले. "नावंखाली व्हती. म्हून थांबलो."

आक्काचा हात तोंडावर गेला. "नथ?"

"हाय. नाकात हाय अजून."

"वाळलीया का वो?"

"न्हाई. चांगली भरलीया."

आक्का रडली आणि लगेच डोळे पुसून देवीच्या ओटीचं तबक शोधायला गेली. त्या दिवशी ती सगळ्यांना आग्रह करून करून वाढत होती.

परतीला सोपान आमच्याबरोबरच होता, त्याची पाळी होती. एसटी चाकण सोडून पुढे आली तरी तो मान खाली घालूनच बसलेला. हे म्हणाले, "हरलास म्हणून एवढं काय, भावा?"

"हरल्याचं न्हाई," सोपान म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वहिनी, मी पुढच्या वल्ह्यावर व्हतो. पानी तळापत्तोर दिसत व्हतं. मासं व्हतं बी. पर नथवाली न्हवती. आबांनी बी बघितलं ना, न्हवती म्हून."

मोशीच्या उतारावर यांनी खिडकी लावून घेतली, धूळ येत होती म्हणून.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पूल झाला, पुढे धरणही झालं. डोह आहे, पण गाळाने उथळ झालाय आणि मासे पूर्वीइतके राहिले नाहीत, असं सोपानचा मुलगा सांगतो. शर्यत मात्र अजून होते आणि अजून बिनआवाजाचीच होते. गेलात तर गाडी लांब लावा, पीठ घरून न्या आणि पाण्यात पाय सोडून गप्प बसा. मासे खायचे तर खडकाखालचे मागा, घरोघर मिळतात. नथा घालणं केव्हाच बंद झालं, आणि माशांच्या दृष्टीने ते बरंच झालं.

मला विचाराल तर त्या प्रवासातून मी नदी आणली नाही, शर्यतही आणली नाही. इतकी वर्षं झाली, आबांचा तो वर गेलेला हात तेवढा राहिला. जिंकत आलेली शेवटची शर्यत त्यांनी पाण्यात सोडली, एका बाईला एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून. आक्काने ते खरं मानलं की मानून घेतलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

पिंपरीला पोचल्यावर यांनी कोपऱ्यावरून पोस्टकार्ड आणलं. लग्न झाल्यापासून मी आईला एक ओळ लिहिली नव्हती. खरं लिहिलं असतं तर ती रडली असती, आणि खोटं मला लिहायचं नव्हतं. त्या दिवशी मी अंगात सैल झालेली चोळी पिनेने आवळली, दिव्याजवळ बसले आणि लिहिलं: "आई, माझी काळजी करू नकोस. इथे मासे भरपूर आहेत. मी चांगली भरलेय."