हात मागे

वर्गात एखादं मूल अडलं, की मिस आधी आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरायच्या. बुटाची नाडी असो, डब्याचं झाकण असो, नाहीतर हातच्याची वजाबाकी. मूल आशेने वर बघायचं. मग त्या तमिळमध्ये शांतपणे सांगायच्या, "माझे हात बांधलेत. तुझे मोकळे आहेत ना?"

आवडी नावाच्या चेन्नईच्या उपनगरात, सरकारी क्वार्टर्सपलीकडच्या एका लहान शाळेत त्या दुसरीच्या मिस होत्या आणि मी शेजारच्या तिसरीची. नवऱ्याच्या बदलीमुळे मी चेन्नईत नवी. पहिल्याच दिवशी त्या माझ्याशी मराठी बोलल्या, तेव्हा मी चाटच पडले. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी जुन्या वळणाची, हेल मात्र अस्सल तमिळ. "पुण्याची कां गे तू? बरें अहे," म्हणाल्या आणि दहीभाताचा डबा पुढे केला. तेव्हापासून मी त्यांची 'गे' झाले.

त्यांचा वर्ग बघून शिस्तीच्या माणसाला घामच फुटावा. आधी गणित की आधी गोष्ट, हे मुलं ठरवायची. कुणी फरशीवर पालथं पडून वाचतंय, कुणी खिडकीत. एकदा अख्ख्या वर्गाने सकाळीच डबे खायचं ठरवलं. मिसनी ते खाऊ दिले. दुपारी सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मग उद्या काय करायचं?" दुसऱ्या दिवसापासून डबे वेळेवर उघडायला लागले. मी हे घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, बाई वेडी दिसते. अशा माणसांना वेडं म्हणण्याची आपल्याकडे पद्धतच आहे, तुम्हालाही ठाऊक असेल.

त्या वर्गात कयल नावाची एक मुलगी होती. तिचे वडील ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात कामाला. ही पोर रेघ मारली तरी विचारायची, "मिस, करेक्ट-आ?" पेन्सिल लाल घेतली तरी, "करेक्ट-आ?" मिस उत्तर द्यायच्याच नाहीत. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारून वाट बघत राहायच्या. मला म्हणायच्या, "जन्मतां कोणी असें विचारत नाही गे. हे आपण शिकवलेलें अहे."

नवरात्राच्या आधी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं. पालकांच्या तक्रारी होत्या. गोलू बघायला शाळेचे करस्पॉण्डंट, म्हणजे इकडे शाळेचे मालकच, येणार होते. गोलू म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, सगळ्यात वर देव, मुलांच्या भाषेत सामी. त्या वर्षी मांडायचा मान दुसरीचा. तिथे गोंधळ दिसला, तर मिसकडून वर्ग काढून त्यांना ऑफिसात बसवणार, असं स्पष्ट सांगण्यात आलं.

संध्याकाळी स्टेशनकडे जाताना मी म्हटलं, "अक्का, एवढ्या वेळी तुम्हीच मांडा ना. कोणाला कळणार आहे?"

"मुलांना कळेल," त्या म्हणाल्या. "मुलांनी मांडलें, तर वर्ग माझा जाईल, सरी, ठीक अहे, जाऊ दे. मी मांडलें, तर वर्ग त्यांचा जाईल गे."

मुलांनी आपल्या मनाने सगळं मांडलं. शेवटची उरली कयल. तोपर्यंत पाहुणे येऊन उभे राहिले होते. तिच्या हातात खेळण्यातली लॉरी. "मिस, कुठे ठेवू?"

मिसचे हात मागे गेले. "तुला काय वाटतं?"

कयलला काहीच वाटेना. पालक कुजबुजायला लागले, करस्पॉण्डंट घड्याळ बघायला लागले. मुख्याध्यापिका लॉरी घ्यायला पुढे आल्या, तशा मिस हात न सोडता दोन पावलं सरकून मध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

शेवटी कयल स्टुलावर चढली आणि तिने ती लॉरी सगळ्यात वरच्या पायरीवर, देवांच्या शेजारी ठेवली.

"वर नाही, खाली," म्हणत मुख्याध्यापिकांनी हात उचलला.

"मॅडम," मिस म्हणाल्या, "एकदा मांडलेला गोलू विजयादशमीपर्यंत कोणी हलवत नाही."

ही रीत तिथल्या प्रत्येकाच्या घरची. हात हवेतच राहिला. करस्पॉण्डंटनी कयलला विचारलं, लॉरी वर का?

"शेवटच्या दिवशी सामींना घरी जायला गाडी नको?"

ते हसले, पालकही हसले. मला वाटलं, जिंकलो. पण दिवाळीनंतर मिसना ऑफिसात टेबल दिलं गेलं. मला त्याचा राग आला, अजून येतो. त्या रागावल्या नाहीत. "तिथें मुलें नाहीत. हात कोणासाठी बांधूं?" म्हणाल्या आणि राजीनामा देऊन बहिणीकडे तंजावरला निघून गेल्या. दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला.

पहिल्याच दिवशी कयल भिंतीवर चित्र चिकटवत होती. ते चांगलंच तिरकं लागत होतं. मी सवयीने पुढे झाले.

"मिस, कै," ती म्हणाली. कै म्हणजे हात. मला कळेना, तेव्हा तिने स्वतःचे हात पाठीमागे नेऊन दाखवले.

मी हात मागे घेतले. ती चार पावलं मागे आली, मान तिरकी करून चित्राकडे बघत राहिली. मग जाऊन तिने एक कोपरा सोडवला, वर उचलला, पुन्हा चिकटवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.