आंतोनकाकांचं नाक

आंतोनकाका टेम्पोत बसण्याआधी टेम्पोला हुंगायचे. हो, हुंगायचेच, त्याला दुसरा शब्द नाही. चांगला उंचापुरा, झुबकेदार मिशांचा माणूस पहाटेच्या अंधारात गुडघे टेकून बसायचा आणि हौद्याखाली तोंड घालून श्वास ओढायचा. मग थोडं पुढे सरकून पुन्हा ओढायचा. गाडीभोवती अशी फेरी पुरी झाली की उभे राहून स्वतःवर क्रूसाची खूण करायचे आणि म्हणायचे, "चढा." तोवर कुणी टोपलीसुद्धा वर ठेवायची नाही. बायका पाठीमागे त्यांना 'नाक' म्हणायच्या. "नाक खाली गेलंय अजून, थांबा जरा," असं म्हणून खुदुखुदु हसायच्या.

मी मात्र हसत नसे. कारण त्या हौद्यात माझी आई बसायची.

होळी नावाचा आमच्याकडे एक नाका आहे, त्याच्या बाजूला आमची वाडी. आमच्या आळीतल्या घराघरात भाजी पिकायची आणि ती घेऊन बायका आंतोनकाकांच्या टेम्पोतून बोरिवलीच्या बाजारात जायच्या. पुढे काका एकटे, मागे हौद्यात पालक, मेथी, दुधी, मोगऱ्याचे पुडे आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेल्या बायका. असं माणसांना बसवणं कायद्याला धरून नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदार दिसला की काकांच्या मानेवर घाम यायचा. पण टोपलीसकट बाईला बाजारात नेणारं आमच्या आळीत दुसरं होतं तरी कोण?

काका हवालदाराला भ्यायचे, विजेला भ्यायचे, पालीला तर फारच. खाडीचा पूल आला की मागच्या काचेवर टकटक करायचे. त्याचा अर्थ, गप्पा बंद. मग पूल संपेपर्यंत सगळ्यांनी 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणायची. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही एवढं घाबरता का हो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखंच विचारलं. म्हणाले, "बाय, भीतीला कारन लागते काय? पानी लागते काय तिला? ती आपोआप उगवते."

पण सगळ्यात मोठी भीती गॅसची. आळीतल्या घरोघरी शेगड्या आल्या तरी त्यांच्याकडे रॉकेलचा स्टोव्हच फरफरायचा. शेवटी रेजिनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, माहेरी जाऊन बसली, तेव्हा कुठे घरात गॅस आला. घरात म्हणजे कसला! काकांनी अंगणात चिकूच्या झाडाखाली विटांची खोली बांधली, सिलिंडर तिथे ठेवला आणि भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली. रेजिनाकाकी येईल त्याला ती खोली दाखवायची. "बघा, मला सासूपासून जमलं नाय ते सिलिंडरने करून दाखवलं. वेगळं बिऱ्हाड केलं!" आम्ही हसून बेजार व्हायचो. काका खालमानेने चिकू वेचत राहायचे.

अशा माणसावर गॅसची गाडी घ्यायची वेळ यावी, म्हणजे बघा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्यांचा डिझेलचा टेम्पो पार थकला होता. चढावर तो एवढा काळा धूर सोडायचा की मागची गाडी दिसेनाशी व्हायची, आणि तो धूर ताडपत्रीखालून फिरून हौद्यातच यायचा. बाजारातून परतलेल्या आईच्या पदराला भाजीचा नव्हे, डिझेलचा वास असे. आधी तिला खोकला झाला, मग दमा. हिवाळ्यात ती उशीला टेकून बसूनच झोपायची. तिच्या छातीतली शिट्टी मला भिंतीपलीकडे ऐकू यायची आणि ती मध्येच थांबली की मी उठून तिला बघून यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुरात बसणं बंद करा, नाहीतर माझ्याकडे येणंसुद्धा बंद होईल. पण बाजार बंद करून खायचं काय?

त्या वर्षी मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी रोजच्यासारखी संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली आणि उकडलेले चणे वाटता वाटता काका म्हणाले, "नवी गाडी घेतो. डिझेलचीच. नवीन हाय, धूर कमी सोडेल."

"कमी म्हंजे किती कमी?" ब्रिजितमावशीने विचारलं. ही आईची मैत्रीण, हौद्यातली तिच्या शेजारची. तिचा आवाज असा की क्रूसापाशी बोलली तर चर्चात ऐकू जावं. "गॅसची घे. तिला धूरच नसतो. मुंबईच्या सगळ्या टॅक्श्या गॅसवर झाल्या, एक तरी फुटली काय?"

"टॅक्सीत मानूस टाकीच्या पुढं बसतो," काका म्हणाले. "माझ्या बाया टाकीच्या वर बसनार. खाली गॅस, वर तुम्ही. मी पुढं बसून काय करू? जीव मुठीत धरून रोज गाडी हाकू?" मग जरा थांबून म्हणाले, "धूर दिसतो तरी गो. गॅस दिसत पन नाय."

खरं सांगायचं तर मला काकांचंच पटलं होतं. त्या क्षणी आईच्या बुडाखाली एक भलीमोठी टाकी मला दिसायला लागली होती.

तेवढ्यात आई उठली. ती फारसं बोलणारी नव्हे. "आंतोनभाऊ," ती म्हणाली, "तुमची टाकी फुटेल तेव्हा फुटेल. मी रोज मरतंय." एवढं वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. काका तिच्या छातीकडे बघत राहिले. ती शिट्टी त्यांनाही ऐकू आली असणार.

पावसाळ्यापूर्वी गॅसची गाडी आली.

गाडी चर्चापुढे उभी केली तेव्हा काकांचा चेहरा मयताला आल्यासारखा होता. फादरांनी प्रार्थना करून बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडलं. काकांनी त्यांच्या झग्याला हात लावून हळूच म्हटलं, "फादर, वरती नको, खाली. टाकीवर." फादर हसले, पण काका हसत नाहीत हे बघून ते बिचारे वाकले आणि हौद्याखाली पाणी शिंपडलं. दुसऱ्या पहाटेपासून हुंगणं सुरू झालं.

गॅस भरायला खाडीपलीकडच्या पंपावर जावं लागे. तिथे माणसांनी गाडीतून उतरायचं हा नियमच आहे. लोक उतरून गाडीशेजारीच आळोखेपिळोखे देत उभे राहतात. काका मात्र बायकांना पंपाच्या कितीतरी आधी उतरवायचे, रस्ता ओलांडायला लावायचे आणि समोरच्या भिंतीमागे उभं करायचे. भिंतीमागे! भरून झालं की पुन्हा हुंगणं. पंपावरची माणसं टिंगल करायची. काका ऐकून घ्यायचे आणि पुढचा श्वास ओढायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आईच्या टोपल्या उचलायला मीही बरोबर जात असे. एक दिवस पुलाच्या ऐन मध्यावर गाडी थांबली. काका दार उघडून मागे धावत आले. चेहरा पांढराफटक. "उतरा! वास येतोय! टोपल्या राहू द्या, उतरा!"

कुणी कुणाला खाली ओढलं ते आठवत नाही. मागे गाड्यांचे भोंगे, खाली काळी खाडी आणि पुलाच्या कडेने आम्ही पळतोय. वास खरंच येत होता, अंडं नासल्यासारखा. आईचा हात माझ्या हातात होता. थोडं पळाल्यावर तो जड झाला. वळून बघते तर ती खाली बसलेली, तोंड उघडं, श्वास आत जातच नाही. मी किंचाळले. ती भीती मी अजून विसरलेले नाही. माझ्यापुढे आई घुसमटत होती आणि मागे ती गाडी होती, आणि कुठल्या बाजूने मरण येणार तेच कळत नव्हतं.

ब्रिजितमावशीने आईची पाठ चोळली, तिच्या कंबरेला खोचलेला दम्याचा फवारा काढून तोंडात मारला. हळूहळू श्वास परत आला. तोवर काका गाडीकडे परत गेले होते. गाडीखाली वाकून त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळीच्या जोडावर गाडीत ठेवलेल्या बाटलीतलं साबणाचं पाणी ओतून बघितलं. बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. मग नाकाने माग काढत ते हौद्यात चढले आणि एका ओल्या गोणपाटापाशी थांबले. आत मुळे होते. आईचेच. आदल्या संध्याकाळचे, गच्च बांधलेले, पाला आतून कुजायला लागलेला. गॅस गळला तर कळावं म्हणून त्याला जो वास देतात, तो आणि कुजक्या मुळ्याचा वास, सख्खे भाऊ!

बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. भ्यालेली माणसं फार हसतात. काका मात्र हसले नाहीत. ते आईपुढे रस्त्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मीच मारली असती गो तुला," ते म्हणत होते. "गॅसने नाय. माझ्या भीतीने."

आईने त्यांच्या हातावर नुसतं थोपटलं. बोलायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीत मुळ्याला बंदी झाली. ब्रिजितमावशी कडाडली, "उद्या कोबीला बंदी कर, परवा मला कर!" काका म्हणाले, "कोबी मोकळी आन. तू पन ये. मुळा नको. मुळा असला की खरा वास आला तर मला कळनार कसा?" आमच्या वाडीचा मुळा बाजारात नावाजलेला होता, गिऱ्हाईक आईला 'मुळेवाली' म्हणूनच ओळखायचं. तरी मुळ्याचे वाफे मोडून आईने मेथी टाकली आणि घरच्या भाजीपुरता एक वाफा विहिरीपाशी ठेवला. मी कुरकुरले तेव्हा म्हणाली, "त्याने माझ्या श्वासासाठी गॅस घेतला. मी त्याच्या नाकासाठी मुळा सोडला. फिटलं."

दोन हिवाळ्यांत तिच्या छातीतली शिट्टी विरळ झाली. ती आडवी होऊन झोपायला लागली. आणि मी मात्र रोज ती परत येईपर्यंत दाराशी घुटमळत राहायची, कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी ऑफिसातून दुपारी फोन करायची, "आली का आई?" काकांची भीती मला लागली होती. गाडीला कधी काही झालं नाही. एकदाही नाही. बायका म्हणायच्या, बघ, उगाच भ्यायचा. मला वाटायचं, ते भ्यायचे म्हणून झालं नाही. कुणाचं खरं, देव जाणे.

मग एका थंडीत काकांना मोठा ताप आला. उठले, पुन्हा गाडीवर आले. पण त्या पहाटे फेरी संपेना. एकदा झाली, दोनदा झाली, गुडघ्यांवरून उठतच नाहीत. थंडीत बायका कुडकुडत उभ्या. शेवटी उभे राहिले आणि आईला म्हणाले, "घरात मुळा हाय काय गो?"

आई काही न विचारता विहिरीपाशी गेली आणि मातीसकट एक मुळा उपटून आणला. काकांनी पाला तळहातांत चुरगळला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून श्वास ओढला. पुन्हा ओढला. आमच्यापर्यंत तो उग्र दर्प आला होता. ब्रिजितमावशीने नाकाला पदर लावला.

"नाय येत," काका म्हणाले. "कायच नाय येत."

त्यांनी खिशातली किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. तिला सायकलसुद्धा येत नव्हती. पण तिला कळलं.

त्यानंतर गाडी त्यांच्या पुतण्याने चालवली, पण हुंगायचं काम आईचं झालं. पदर खोचून ती गुडघे टेकायची आणि गाडीखाली तोंड घालून खोल, लांब श्वास ओढायची. असा श्वास तिला घेता येतोय हे बघून मला भरून यायचं. काका शाल गुंडाळून फाटकाशी उभे असायचे. "हुंगलं काय?" ते विचारायचे. "हुंगलं, आंतोनभाऊ." "मागच्या बाजूने?" "मागच्या पन." मग ते स्वतःवर क्रूसाची खूण करायचे आणि गाडी हलायची.

एका पावसाळ्यात झोपेतच ते गेले. चिकूखालची सिलिंडरची खोली रेजिनाकाकीने अजून पाडलेली नाही. आता तीच म्हणते, राहू दे, त्याला बरं वाटेल.

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही त्यांच्या कबरीवर गेलो. सगळीकडे झेंडू, शेवंती, सोनचाफा. आईने पिशवीतून मुळ्याची जुडी काढली, स्वच्छ धुतलेली, आणि क्रूसाच्या पायथ्याशी ठेवली. ब्रिजितमावशी हसायला गेली आणि रडायलाच लागली. मी मेणबत्ती रोवून काडीपेटी काढली, तर आईने माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. मग तिथे, त्या मोकळ्या आभाळाखाली, तिने गुडघे टेकले, कबरीवर वाकून छाती भरून श्वास ओढला, आणि मगच म्हणाली, "आता पेटव."