केडगावची माती आणि कारेगावची मॅट

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसले, तेव्हा काम एकच होतं: दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या कॉलेजांमधून आमच्या व्यावसायिक कबड्डी संघासाठी एक चढाईपटू निवडायचा. जागा एकच होती. मी स्वतः बरीच वर्षं चढाया केल्यात, त्यामुळे सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही. घरचे याला खवटपणा म्हणतात.

केडगावला उतरले. मैदान उसाच्या फडाला लागून, पाणी मारून दाबलेलं. कॉलेजच्या संघाला शिकवणारे आप्पा वाट बघत होते.

"आदी रस घ्या मॅडम, मग समीरला बघा. उपाशीपोटी बघितलं तर चक्कर यील."

मला हसू आलं. मग समीर शेख चढाईला निघाला. वाकून मैदानातली माती कपाळाला लावली, उरलेली तळहातांना चोळली आणि दम धरला. कोपऱ्यातला पकडणारा त्याच्या घोट्यावर झेपावला, पण घोटा तिथं नव्हताच. दोघांच्या डोक्यांवरून उडी मारून समीर मध्यरेषेपार उभा! माझ्या अंगावर काटा आला. रसाचा पेला हातात तसाच राहिला होता.

पण आमचा संघ मॅटवर खेळतो, बूट घालून. त्यामुळे खरी चाचणी दुसऱ्या दिवशी कारेगावच्या एका सभागृहात होती. न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघाले, तर एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अशी अडकली की भीमेचा पूल मी अगदी निवांत पाहिला. पात्र इतकं रुंद आणि शांत, की चिडायचंच विसरले. कारेगावात कारखान्यांतल्या बिहारी कामगारांच्या गर्दीत लिट्टी (सातू भरून भाजलेले कणकेचे गोळे) खाल्ली आणि सभागृह गाठलं.

समीरची पहिली चढाई. त्यानं कमरेच्या रुमालाची गाठ सोडली. केडगावची माती! सवयीनं कपाळाला लावली, हातांना चोळली. कोरडी धूळ मॅटवर सांडली, तिच्यावरच बूट सरकला आणि तो पोटावर आपटला. समोरच्या शिरूरच्या संघातल्या पोरांनी त्याला अलगद धरलं. सभागृह हसलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

पंचांनी खेळ थांबवला. बाद झालेल्या समीरनं बाहेर जाण्याआधी बनियन काढली आणि तिनंच सांडलेली धूळ गुडघ्यांवर बसून तो पुसू लागला. पुसता पुसता तळहात मॅटवर सरकवून बघत होता.

पुन्हा आत आला, तेव्हा चौघांनी त्याला घेरलं. सगळे उडीची वाट बघत हात उंचावून उभे. समीरनं खाली सूर मारला. त्यांच्या पायांमधून सापासारखा सरकत गेला आणि बोटं मध्यरेषेला टेकली. हसणारे सगळे उभे राहिले. मीही.

"हे कुठं शिकलास?" मी विचारलं.

"आत्ताच, पडलो तवा. मातीत अंग घासून थांबतं, हितं जातंच पुढं."

त्यानं मातीचा रुमाल संघासोबत आलेल्या आप्पांपुढं धरला. "ही आता परत न्या."

आप्पांनी गाठ आणखी घट्ट केली आणि त्याच्याच पिशवीत घातली. "मॅटवर सोडू नगं. पर संगं ठिव."

परतीच्या एसटीत विचार करत होते. खेळाडूचा वेग, दम, झेप मी एका नजरेत ओळखते, असा माझा अभिमान. हे मात्र आजवर कुणात पाहिलं नव्हतं. मॅनेजरचा फोन आला.

"तो केडगावचा मुलगा पहिल्याच चढाईत पडला म्हणे?"

"पडला ना," मी म्हणाले, "म्हणूनच तर त्याचं नाव देतेय."