बरणीतला हायड्रोजन

त्या बरणीतल्या गाळाचा रंग आठवला तरी मला आजही शिसारी येते. तपकिरी, चिकट, वर फेस. भनपुरीतल्या आमच्या घरी गाडीचं बॉनेट उघडून माझा नवरा दिवसातून दोनदा तो गाळ कौतुकाने बघायचा.

नवरा सिलतऱ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हात चांगला, डोकंही बरं. पण मोबाइलवर कुणीतरी पाण्यातून हायड्रोजन काढून गाडी चालवताना दाखवलं आणि तो बिघडला. बरणीभर पाण्यात कॉस्टिक सोडा कालवायचा, स्टीलचे पत्रे उभे करायचे, त्यांना बॅटरीच्या वायरी जोडायच्या, बुडबुडे निघाले की तो गॅस नळीने इंजिनात सोडायचा. पेट्रोल कमी लागणार म्हणे. पत्र्यांसाठी त्याने आमच्या लग्नात आहेरात आलेल्या ताटल्या काढल्या. देणाऱ्यांची नावं कोरलेल्या. कटर फिरला आणि माझ्या मोठ्या मावशीचं नाव मधोमध कापलं गेलं.

"गोल बाजारातून दुसऱ्या आणून देतो ना तुले," तो म्हणाला.

मी एवढंच विचारलं, "बॅटरी कशावर चार्ज होते?"

"इंजिनावर."

"अन् इंजिन कशावर चालते?"

"तुले काय समजते त्यातलं? सारे लोक करून राहिले!"

सारे लोक काय करत होते मला ठाऊक नाही. आपलंच पेट्रोल जाळून आपलंच पेट्रोल वाचवायचं, एवढं मात्र मला, कॉमर्सवालीलाही, कळत होतं.

मग चाचणी झाली. रविवारी सकाळी, रस्ता रिकामा, एसी बंद, ट्रकमागे बैलगाडीच्या चालीने. असं चालवलं तर बरणीशिवायही ॲव्हरेज वाढतं. मी शेजारच्या सीटवर बसून सगळं पाहिलं. सोमवारपासून गाडी रोजच्यासारखी चालली आणि रोजच्याइतकंच पेट्रोल प्यायली. नवऱ्याने सोमवारचा हिशोब कुणाला सांगितलाच नाही. साऱ्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, रविवारच मिरवला.

समोरच्या घरातला भैया शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. त्याचं घर त्या एका व्हॅनवर चालतं. नवऱ्याचं व्याख्यान त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं, पण पटल्यासारखा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी भाजी घेत होते, तेव्हा तो जवळ आला.

"दीदी, आप बताओ। सही में एवरेज बढ़ा है?"

मागे पोर्चमध्ये नवरा उभा होता. आमच्याकडे मुलीला पहिल्यापासून हेच शिकवतात की घरात नवऱ्याला हवं ते बोल, पण चारचौघांत त्याचं हसं होऊ देऊ नको. माझ्या आईने जन्मभर हेच केलं आणि लोकांनी तिला शहाणी म्हटलं. मीही शहाणी झाले.

"हव, बढ़ा है," मी म्हणाले. वर मान डोलावली. त्या मानेची मला आज किळस येते.

आठवडाभरात त्याच्या व्हॅनला बरणी लागली. त्यानंतर पंधरा दिवसही गेले नसतील. मुलांना सोडून तो परत येत होता. गतिरोधकावर व्हॅन आदळली, बरणीतलं पाणी हिंदकळून नळीवाटे इंजिनात ओढलं गेलं आणि व्हॅन जागच्या जागी बंद पडली. व्हॅनमध्ये मूल नव्हतं, हे नशीब. मिस्त्रीने इंजिन खोलून सांगितलं, आतला रॉड वाकलाय, कॉस्टिकने बाकीचं खाल्लंय, आता याच्यात राम नाही. मुलांच्या आईबापांनी दोन दिवस वाट पाहिली आणि दुसरी व्हॅन लावली.

त्या दिवशी संध्याकाळी भैया आमच्या घरी आला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि नवऱ्याला म्हणाला, "मेरी ही गलती होगी भैया। पानी ज़्यादा डाल दिया होगा।"

नवऱ्याने क्षणाचाही उशीर केला नाही. "मैंने बोला था ना, निशान के ऊपर मत भरना!" असं तो कधीच बोलला नव्हता. बरणीवर निशाणच नव्हतं. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावीन म्हणून.

मला नवऱ्याची घाण वाटली, पण त्याहून जास्त त्या नजरेची, कारण ती माझ्या भरवशावर होती. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"भैया, आपकी गलती नहीं है," मी म्हणाले. "हमारी गाड़ी का एवरेज कभी बढ़ा ही नहीं था।"

नवरा उठून आत गेला. नवरा गेला त्या दाराकडे भैयाने पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत तो हळूच म्हणाला, "उनकी बात तो मैंने मानी ही नहीं थी, दीदी। इसीलिए तो आपसे पूछा था।"