काकूंच्या गॅसवर माझा बिडाचा तवा

काकूंनी खोली दाखवायच्या आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "गावात तुमचं घर कुठल्या बाजूला?" हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्याकडे मराठवाड्यात तो शाळेतले मास्तरही विचारायचे. "बुद्धविहाराला लागून," मी म्हटलं. काकू पंख्याकडे बघत म्हणाल्या, "बरं. खोली बघून घे."

घर नाहूरला होतं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. काकूंचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून दोघं इकडे आले आणि मग ते वारले. आता काकू बाहेर हॉलमध्ये झोपायच्या आणि आतली खोली भाड्याने द्यायच्या. स्वयंपाकघर दोघींचं एकच. त्यांनी मला खोली दिली, पण का दिली ते मला कळेना. आधीच्या चार घरांतून मी आडनावावरूनच परत आले होते, त्यामुळे 'हो' ऐकल्यावर बरं वाटण्याऐवजी मला संशयच आला. ह्या बाईला माझ्याकडून नक्की काय हवंय?

मी तेव्हा वांद्र्याच्या एका कॅफेत होते. सॅलड आणि सँडविच, म्हणजे दिवसभर चिरणं. सकाळच्या नाश्त्याच्या काउंटरवरची एक मुलगी लग्न करून गेली आणि ती जागा रिकामी झाली. मी शेफला विचारलं, मला द्याल का? तो म्हणाला, "ट्रायल दे. सॉसेज, सलामी, बेकन. लोखंडी पॅनवर. एक जरी फाटलं तरी परत चिरायला." तिथे ते जड, काळे, बिडाचे पॅन होते आणि काउंटरवाल्यांशिवाय कोणी त्यांना हात लावायचा नाही असा नियम होता. म्हणजे सराव करायचा तर घरीच.

मुलुंडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मला बिडाचा तवा मिळाला. पिशवीत घालून आणताना खांदा दुखला. दार उघडताच काकूंनी पिशवीकडे पाहिलं.

"ह्यां काय गो?"

काकू एरवी माझ्याशी साधं मुंबईचं बोलायच्या. मालवणी सुरू झालं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"तवा, काकू. बिडाचा."

"कशाला? माझ्या भांड्यांत तुला काय खोट दिसली?"

मी सगळं सांगितलं, ट्रायल, सॉसेज, सगळं. सॉसेज हा शब्द ऐकताच त्यांनी पदर नाकाशी नेला. "डुकराचं?"

"चिकनचं. घरात दुसरं काही आणणार नाही. शब्द देते."

"चिकन तेवढं चालेल," त्या म्हणाल्या. पण त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही, हे मला काही दिवसांनी कळलं. खालचा मेडिकलवाला मला हसत म्हणाला, "तुमच्या काकू रिकामं पाकीट घेऊन आल्या होत्या. ह्यात काय काय घातलंय ते वाचून दाखव म्हणाल्या." कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढून, धुऊन, त्या ते वाचून घ्यायला गेल्या होत्या.

मला राग आला. त्यानंतर मी पाकीट मुद्दाम ओट्यावर उताणं ठेवायला लागले. त्याला त्या हात लावायच्या नाहीत. डब्यातलं मात्र घेऊन जायच्या.

पहिल्या रविवारी सॉसेजची पार वाट लागली. तव्यावर टाकलं, उलटायला गेले, तर साल तव्यालाच राहिली आणि आतला गुलाबी लगदा माझ्या चमच्यावर. काकू दारात उभ्या होत्या. दर रविवारी त्या वेळी त्यांचं देवपूजेचं काम असायचं, पण आता त्या मी गॅसजवळ गेले की हातात काहीतरी घेऊन दारात यायच्या. कधी लसूण, कधी नुसतंच फडकं.

"तवा तापला नव्हता," त्या म्हणाल्या. "घावण्याला कसा, धूर यायला हवा."

पुढच्या रविवारी मी धूर येईपर्यंत तापवला. सॉसेज बाहेरून काळं झालं, आतून कच्चं राहिलं आणि चिकटलं ते चिकटलंच. घावण्याचं पीठ पातळ असतं, क्षणात होतं. ह्यात मांस, पाणी आणि बहुतेक साखरही असते. काकूंना घावणे येत होते, सॉसेज नाही. पण मला असंही वाटलं की त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं असेल. घरातून हा वास जावा म्हणून.

वासावरून तर रोजच काहीतरी चालायचं. कांजूरच्या बाजूने वारा आला की कचऱ्याच्या डोंगराचा वास आमच्या खिडकीतून सरळ आत यायचा. सगळ्या नाहूरला माहीत असलेला वास. तरी काकू माझ्या दारावर टकटक करायच्या. "ह्यो कसलो वास येता?"

"काकू, कांजूर."

"बरं," म्हणायच्या आणि तरी खोलीत डोकावून जायच्या.

हळूहळू मला जमायला लागलं. कॅफेत काउंटरवाल्यांकडे चोरून बघत होते, त्यातून आणि घरच्या चुकांतून. तवा मध्यम आचेवर निवांत तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला की तो बसून न राहता तव्यावर पळायला हवा. तेल अगदी कमी, फडक्याने पुसून घेतलेलं. सॉसेज फ्रीजमधून थेट टाकायचं नाही, आधी बाहेर ठेवायचं आणि अंगावरचं पाणी टिपून घ्यायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे टाकल्यावर त्याला हात लावायचा नाही. टोचायचं नाही, उचलून बघायचं नाही. खालची बाजू भाजली की ते स्वतःच तवा सोडतं. सोडत नसेल तर अजून वेळ झालेला नाही. शेवटी तव्याला साबण नाही. गरम असतानाच मिठाने पुसायचा, गॅसवर कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. काही आठवड्यांत तवा काळा, गुळगुळीत, चमकदार झाला. चिकन सॉसेज त्यावर सरकायला लागलं. काकू दारात यायच्या, बघायच्या आणि जायच्या.

मग एका शनिवारी कामावरून आले तर तवा राखाडी. अगदी दुकानातून आणला तसा, नाही, त्याहून वाईट. तारेच्या घासणीचे ओरखडे आडवेतिडवे. माझे सगळे आठवडे कुणीतरी खरवडून मोरीत सोडून दिले होते.

काकू हॉलमध्ये मटार सोलत बसल्या होत्या.

"काकू, माझा तवा घासला कोणी?"

"मी हात लावूक नाय."

मालवणी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचं लक्ष शेंगांवर होतं. त्यांच्या बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेला काळं होतं. ते लोखंडाचं काळं मी रोज माझ्या हातांवर बघत होते.

"काकू, तुमची नखं बघा."

त्यांनी हात पदराखाली घेतला, मग थोड्या वेळाने बाहेर काढला. "नणंद आली होती माझी," त्या म्हणाल्या. "बोरिवलीची. न सांगता. तुझा तवा गॅसवर होता. नवा तवा घेतलास, तर घावणे कर म्हणाली. आता तिला काय सांगू? वास येत होता त्याला. मग आत जाऊन घासला."

"आणि घावणे झाले?"

"नाही झाले. सगळे चिकटले. तवा वाईट मिळाला म्हणाली."

मला हसू यायला हवं होतं, पण डोक्यात भलतंच सुरू झालं. वास. सॉसेजचा, की माझ्या हाताचा? गरम पाण्याने, साबणाने घासून जे जायला हवं होतं ते नक्की काय होतं? मी विचारलं, "त्यांनी माझ्याबद्दल विचारलं का?"

काकूंनी पुढची शेंग उचलली.

"काकू, माझं आडनाव काय सांगितलंत?"

मटाराची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्यांनी एक आडनाव सांगितलं. त्यांच्याकडचं. कोकणातलं, चांगलं, कुठेही चालेल असं. "आमच्यातलीच आहे म्हटलं, गावही आमच्याकडचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिचं तोंड फार वाईट आहे गो. सगळ्या भावकीत फिरवलं असतं. मी एकटी बाई, मला मेलं कोण विचारतंय?"

"मला विचारा ना," मी म्हणाले. "आडनाव माझं होतं."

तव्याचं काय, तो पुन्हा तयार करता येतो. त्या दिवशी मी खोलीत गेले आणि बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून भांडुप, मुलुंड, ठाण्यापर्यंत खोल्या बघितल्या. प्रत्येक एजंटने फोनवर आधी आडनावच विचारलं. एकाने तर मध्येच फोन ठेवला. बॅग भरलेलीच राहिली आणि मी नाहूरलाच राहिले. काकूंशी बोलणं बंद. किल्ली ओट्यावर ठेवायची, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवायची, बस.

ट्रायल जवळ आली होती. मी तवा पुन्हा धरला. तेलाचा पातळ हात, आच, पुसणं, गार करणं, पुन्हा तेल. एका सकाळी उठले तर तवा गॅसवर मंद आचेवर होता आणि काकू अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर गोल फिरवत होत्या. मी दारात उभी राहिले. ह्या वेळी दारात मी होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

"असा कर," त्या म्हणाल्या. "फडक्याने तेल जास्त बसतं. चिकट होतं."

पुढे त्या रोज करायच्या. मी कामावर गेल्यावरही करत असाव्यात, कारण संध्याकाळी तवा गरम असायचा. मला वाटायचं, हे पश्चात्तापाने चाललंय की मी भाडेकरू म्हणून निघून जाईन ह्या भीतीने? की त्यांना तो तवा घावण्यासाठी हवाय? मी विचारलं नाही. पण तवा पूर्वीपेक्षा चांगला झाला, हे खरं.

ट्रायल झाली. सॉसेज आणि सलामीची मला भीती नव्हती. बेकन मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होते, घरी आणायचं नाही असा शब्द दिला होता ना. काउंटरवाल्या पोरीला गार पॅनवरच पट्ट्या लावताना मी पाहिलं होतं. तसंच केलं. आच हळूहळू वाढवली. आधी चरबी सुटली, मग पट्ट्या आपल्याच चरबीत सरकल्या. हात लावायचा मोह झाला तेव्हा मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. शेफ हसला. "शाळेत आहेस काय?" पण पट्टी उचलून खाल्ली आणि म्हणाला, "सोमवारपासून सकाळी ये."

घरी येऊन काकूंना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी सरळ बोलले. "बरं झालं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिथे डुकराचं असतं ना?" मी म्हटलं, असतं. "हात धुऊन ये मग," म्हणाल्या.

काही आठवड्यांनी माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या नणंदबाई आल्या. ठसठशीत, मोठा आवाज, येताना चिकूंची पिशवी. मी चहा घेऊन गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "तू आमच्याच बाजूची ना गं? तुझ्या गावाला माझी एक मावशी आहे. कुणाच्या घरातली तू?"

मी काकूंकडे बघितलं. माझं तोंड उघडलंच होतं. मी ठरवून ठेवलं होतं की विचारलं तर खरं सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे.

काकू माझ्या आधी बोलल्या. "नाय. मी तुका तेव्हा खोटा सांगितलंय." आणि त्यांनी माझं आडनाव सांगितलं. सगळं, नीट, माझ्या गावासकट. बुद्धविहारासकट.

नणंदबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अगं पण सांगायचं ना." एवढंच. चहा अर्धा राहिला. थोड्या वेळाने त्यांना काहीतरी काम आठवलं आणि त्या गेल्या. चिकू ठेवून गेल्या.

काकू कप उचलून मोरीत गेल्या. मी बाहेरच बसून राहिले. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं, की मी आता बोलणारच हे माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं होतं म्हणून आधी सांगून टाकलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नाही. आतून नळाचा आवाज येत होता. मग काकूंनी हाक मारली, "चिकू पिकलेत का बघ गो. कच्चे असतील तर तांदळात ठेव."

मी एकेक दाबून बघितला. काही पिकले होते.