अटलांटिकच्या धक्क्यावरचे शुभेच्छुक

पनवेलमध्ये माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. उरण नाक्यावर जे कुणी हात जोडून, गालात हसत उभे दिसतात, त्यांतले निम्मे मीच उभे केलेत. गालावरचे डाग घालवायचे, केस दाट करायचे, मागे एक वाघ नाहीतर हेलिकॉप्टर टाकायचं आणि खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांची डोकी. या धंद्याने मला आजवर पोसलं. अटलांटिक महासागरात ढकललं तेही यानेच.

माझ्या बायकोचे मोठे भाऊ उरणकडचे. त्यांना मी दादा म्हणतो. जन्मभर मालवाहू जहाजांवर नोकरी केली, निवृत्त झाले, आता गप्प घरी बसून जिताड्याचं कालवण खावं की नाही? तर यांनी कॅरिबियन बेटांवर एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. ती अटलांटिक ओलांडून पोर्तुगालला न्यायची होती. एकट्याने समुद्रात जायचं नाही, अशी वहिनींनी शपथ घातलेली. दुसरा माणूस हवा होता.

"जावईबापू, तुमी नुसतं बसायचं हाय," दादा म्हणाले. "वारा सगलं करतो."

माझा समुद्राचा अनुभव म्हणजे उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतची लाँच, तीही डोळे मिटून. पण मी हो म्हणालो, आणि त्याच दिवशी दुकानात स्वतःचाच फ्लेक्स छापला. 'शिडाच्या बोटीने अटलांटिक महासागर पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' परत आल्यावर घाई नको, एवढाच हेतू. मित्र मात्र उत्साही. मी विमानतळावर पोचायच्या आत त्यांनी तो नाक्यावर चढवलासुद्धा. म्हणजे मी बोट पाहिली नव्हती आणि पनवेलच्या हिशोबाने महासागर पार झाला होता.

प्रवासाबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण मी तो बादलीत बघत केला. दादा शिडं ओढत, सुकाणू सांभाळत, स्वयंपाक करत, आणि अधूनमधून मला ओलांडून जात. शेवटी भर महासागरात असलेल्या, पोर्तुगालच्याच अझोरेस बेटांपैकी एका बेटाच्या बंदरात आम्ही लागलो. हिरव्या टेकड्या, समोरच्या बेटावर ढगाची टोपी घातलेला ज्वालामुखी, पांढरी घरं. मी धक्क्यावर पाय ठेवला आणि मनाशी ठरवलं, आता इथून पुढे विमान. बेटावर विमानतळ होता. फक्त दादांना सांगायचं बाकी होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं. मी उतरलो की शपथेमुळे त्यांची बोट तिथेच अडकणार. शिवाय नाक्यावरचा फ्लेक्स होताच.

त्या बंदराची एक रीत आहे. आलेल्या प्रत्येक बोटीने निघण्याआधी धक्क्याच्या भिंतीवर आपलं चित्र काढायचं. जी बोट चित्र न काढता जाते तिचं पुढे काही खरं नसतं, असं दर्यावर्दी मानतात. हे आम्हाला शेजारच्या बोटीवरच्या एका फ्रेंच आजींनी सांगितलं. दादा देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहणारे गृहस्थ, पण समुद्राचं म्हटलं की त्यांचा सगळ्यावर विश्वास.

"चित्र काढल्याबिगर निघायचं नाय," ते म्हणाले. "तुमचा धंदाच हाय. काढा तुमी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चित्र पुरं होत नाही तोवर बोट हलत नाही! तोवर वारा तरी फिरेल, नाहीतर मला तरी बोलायचं धाडस येईल.

बाकीच्या बोटवाल्यांनी आपलं बेतशीर काढलेलं होतं. कुणी मासा, कुणी नांगर, खाली बोटीचं नाव. मी उरण नाक्याच्या मापाने भिंत आखली. मधोमध दादा, पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले. शेजारी मी, तसाच. वाघाच्या जागी उसळता डॉल्फिन.

दादा लांबून बघून आले. "बोट माजी, आनि मोठा फोटू तुमचा?"

"दादा, डिझाइनला तसं लागतं."

"आनि तुमचं प्वाट कुठं गेलं?"

"तेही डिझाइनमुळेच."

आठवडाभरात दोन माणसं रंगवून संपत आली. वेळ आणखी काढायला हवा होता. तेव्हा मला शुभेच्छुक आठवले. खालच्या बाजूला मी गोल चौकटी आखल्या आणि बंदरातली डोकी भरायला घेतली. आधी फ्रेंच आजी. मग कॅफेवाला. मग बोटी उचलणाऱ्या क्रेनवरचा मिशाळ गडी. तिथे एक कुत्रं कायम लोळत असे, त्यालाही घेतलं. आमच्याकडे त्याहून कमी ओळखीची माणसं छापून येतात.

बातमी पसरली आणि धक्क्यावर रांग लागली. कॅफेवाला हळूच येऊन विचारून गेला, मी दुसऱ्या ओळीत का? एका बाईंना चौकट जरा वर सरकवून हवी होती. मला क्षणभर दुकानात बसल्यासारखं वाटलं आणि घराच्या आठवणीने डोळे भरून आले.

चूक पुढे झाली. ही डोकी कशासाठी, असं आजींनी विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की ज्यांना आमचा प्रवास सुखरूप व्हावा असं मनापासून वाटतं, ती ही माणसं. पनवेलमध्ये या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. डोकं छापून आलं की शुभेच्छुकाचं काम संपलं. कोण कुठे निघालाय, हे त्याच्या गावीही नसतं. या भाबड्या लोकांनी ते खरं धरलं. आजी लोकरीचे मोजे घेऊन आल्या. कॅफेवाल्याने चीजचा अख्खा गोळा आणून दिला. क्रेनवाल्याने न सांगता आमची फाटकी दोरी बदलून टाकली. जो तो खांद्यावर हात ठेवून एकच विचारायचा, कधी निघताय?

एका सकाळी दादांनी आकाशाकडे बघितलं. "वारा बराबर झालाय. उद्या निघू."

"दादा, क्रेनवाल्याची मिशी राहिलीय."

"मिशीसाठी बोट थांबवली असं कुनी ऐकलंय काय?"

मी ब्रश आणतो म्हणून गावात गेलो आणि सरळ विमानाच्या तिकिटांच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली आणि त्या आनंदाने ओरडल्याच, "तुम्ही! भिंतीवरचे!"

मी हात जोडले. सवयच लागली होती.

"माझ्या नवऱ्याची मिशी कधी काढताय? रोज जाऊन बघून येतो बिचारा." त्या क्रेनवाल्याच्या सौभाग्यवती निघाल्या. "तुम्ही निघाल तेव्हा आम्ही सगळे येणार आहोत. शुभेच्छुक ना आम्ही! बरं, तिकीट कुणासाठी?"

"सहज," मी म्हणालो. "भाव काय चालू आहे, बघत होतो."

बाहेर येऊन कठड्यावर बसलो. एक फ्लेक्स नाक्यावर होता, तो निदान मित्रांनी चढवला होता. हा दुसरा मी माझ्या हाताने, पक्क्या रंगात रंगवला होता.

धक्क्यावर परतलो तर दादा एकटेच शीड घडी करत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"तिकीट भेटलं?"

त्या बेटावर बातमीला पनवेलइतकाच वेळ लागतो.

"जायचं तर जावा, जावईबापू. मी हिला कलवतो, बोट हितंच ऱ्हाईल म्हून. पुढच्या साली बघू." त्यांनी शिडाची सुरकुती हाताने सपाट केली. पुन्हा केली. ती आधीच सपाट होती.

पुढच्या साली बघू म्हणजे काय, हे मला कळतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं 'भावी'च आहेत.

"मला ब्रश द्या," मी म्हणालो. "मिशी पुरी करून येतो."

चांगली झुपकेदार काढली. क्रेनवाला आरशात बघावा तसा भिंतीत बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. आजी, कॅफेवाला, क्रेनवाला आणि त्याची बायको, कुत्रं. मला पाहून त्यांनीही हात जोडले, आणि कॅफेवाला तेवढ्यात पहिल्या ओळीत सरकला. मी बोटीच्या टोकाला उभा राहून चित्रातल्यासारखे हात जोडले. पोट आत घेतलं. बंदराच्या तोंडाशी पहिली लाट आली आणि मला हात सोडून बादली धरावी लागली. मागून टाळ्या ऐकू आल्या. दादा सुकाणूवरून म्हणाले, "डिझाइन बिघाडलं तुमचं."

तर आम्ही पोर्तुगालच्या मुख्य किनाऱ्याला पोचलो. बादलीसकट पोचलो, पण पोचलो. महासागर पार केल्याचा माझा फ्लेक्स पहिल्यांदाच खरा ठरला. पनवेलला उतरल्यावर रिक्षा मुद्दाम उरण नाक्यावरून घ्यायला लावली. माझ्या फ्लेक्सवर दुसराच एक ठोकलेला होता. कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस. त्याच्या खालून माझे फक्त जोडलेले हात दिसत होते.

वरचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला होता. खालच्या शुभेच्छुकांत, दुसऱ्या ओळीत, माझंही डोकं होतं.