शनिवारचा चुना

नऊ वर्षं मी चुकीच्या कबरीला चुना देत होते. ती कबर कुणा भल्या माणसाची असती तर निभावून नेलं असतं. पण ज्या माणसाला मी जन्मात सगळ्यांत जास्त शिव्या घातल्या, त्याचीच ती निघाली. आणि त्याची समजून जिच्यावर मी दर वर्षी काटे टाकले, ती माझ्या आईची.

आता आजी झाल्यावर हे लिहायला हरकत नाही. आजीला लोक हसतात, मारत नाहीत.

आमची वस्ती केज तालुक्यातली, युसूफ वडगावच्या बाजाराला चालत जाता येईल इतकी जवळ. ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा, पत्र्याचं चर्च, पाळक पंधरवड्यातून एकदा येणारे. कबरस्थान ओढ्याच्या काठाला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी तिथं जायचं, आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, सरकलेले दगड नीट बसवायचे आणि केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, कुंच्यानं चुना द्यायचा. मग रविवारी उजाडता उजाडता गाणी म्हणत गेलं की सगळं पांढरं दिसतं. मेलेले उठणार, वाइटाचं राज्य संपणार, चांगल्याचा शेवटी जय होणार, हे आम्ही तिथंच उभं राहून म्हणतो. ज्यांनी उठायचं त्यांच्या उशाशी.

त्या काळच्या मला मी आता शास्त्रीणबाई म्हणते. मिशनच्या शाळेत सातवी झालेली, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायकांत वाचता येणारी ती एकटी. एवढ्यावर बाईंचा ताठा विचारू नका. शेवटच्या दिवशी देव कुणाला उजवीकडं उभं करणार आणि कुणाला डावीकडं, याची यादी देवाच्या आधी बाईंकडं तयार असायची. डावीकडच्या यादीत पहिलं नाव मुकादमाचं.

मुकादम, म्हणजे आमची तोडणीची टोळी घेऊन जाणारा माणूस, आमच्याच मंडळीतला होता. चर्चमध्ये पहिल्या सतरंजीवर बसायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायचा. त्या वर्षी आम्ही नवरा-बायको त्याच्या टोळीत घाटाखाली कारखान्याला गेलो होतो. आई वस्तीवर एकटी. माझं सासर-माहेर एकाच गल्लीत, तिला मी एकुलती एक. दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हा एका ट्रकवाल्यानं निरोप आणला : आई अंथरुणाला खिळलीय, तुला विचारतीय.

मी तशीच उसाच्या पाचटातून चालत मुकादमाकडं गेले.

"मुकादम, माजी आई शेवटाला लागली. मला जाऊ द्या."

"आन् मोळ्या कोन बांधंल? तुजा नवरा एका हातानं तोडणार आन् दुसऱ्या हातानं बांधणार का?"

"दोन दिसांत माघारी येते."

"चार रोज थांब. मी सवता गाडी लावून देतो. म्हातारी लई चिवट हाय, इतक्यात न्हाई जात."

आई तिसऱ्या दिवशी गेली. निरोप पोचला पाचव्या दिवशी, तोवर माती होऊन गेलेली. मुकादम म्हणाला, "आता जाऊन काय करतीस?" आणि मी गेले नाही. लोक मला विचारतात, चालत का नाही गेलीस, भांडून का नाही गेलीस. हे मी स्वतःला त्यांच्यापेक्षा जास्त वेळा विचारलंय.

नाताळाला मुकादम गावी गेला आणि दुसऱ्याच दिवशी छातीत कळ येऊन मेला. ही बातमी फडात आली तेव्हा शास्त्रीणबाईंनी काय करावं? कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, ठेवलेला गूळ काढला आणि टोळीतल्या बायकांना खडा खडा वाटला.

"कशाचा गं?" एकीनं विचारलं.

"आसाच. तोंड गोड करावं वाटलं."

मनात म्हणत होते, झाला निकाल. बघा, चांगल्याचा जय कसा होतो ते. नवऱ्यानं त्याचा खडा परत गुळाच्या डब्यात टाकला. मला वाटलं, ह्याला शास्त्र कळत नाही.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आम्ही परतलो, ते नेमकं ईस्टरच्या आठवड्यात. शनिवारी मी बादली घेऊन कबरस्थानात गेले. लिंबाखाली शेजारी शेजारी दोन नव्या कबरी होत्या. एकीभोवती निवडून आणलेले दगड, वर एक सदाफुलीचं रोप. दुसरीवर नुसती माती, आणि मातीवर बाभळीचे वाळलेले काटे.

सोबतच्या कुणालाही विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं. पण पोटच्या लेकीनं आईची जागा विचारायची? माझं काळीज सांगेल की! काळजानं सांगितलं : दगड आणि फूल आईचं, मंडळीनं किती मायेनं लावलंय बघ, काटे त्याचे, लोकांनासुद्धा तो नकोसा होता. ताज्या मातीवर काटे टाकतात ते कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ठाऊक होतं. पण राग आला की माणूस ठाऊक असलेलंच आधी विसरतो.

मग मी दगडांच्या कबरीवर आडवी पडून रडले. "आई, मला त्यानं सोडलं न्हाई गं," असं म्हणून त्याची एक एक गोष्ट सांगितली. म्हणजे मुकादमाची तक्रार मुकादमाच्याच छातीवर डोकं ठेवून केली. तिला दोन हात चुना दिला. जाताना कुणाचं लक्ष नाही बघून बोरीची एक फांदी ओढून आणली आणि काट्यांच्या कबरीवर टाकली. म्हटलं, "देवा, शेवटच्या दिवशी ह्याला समद्यांच्या मागून उठव. आधी आमचं समद्यांचं गोड होऊ दे, मग ह्याला बघू दे सर्गाचं बंद दार."

अशी नऊ वर्षं. दर वर्षी चुना, दर वर्षी एक फांदी, दर वर्षी तीच प्रार्थना.

मधे एकदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळक उपदेशात म्हणाले, "आपल्याच मंडळीत एक भगिनी आहे. जिच्यावर अन्याय झाला, ती अन्याय करणाऱ्याच्या कबरीला दर वर्षी स्वतःच्या हातानं चुना देते. नाव घेत नाही, तिला आवडायचं नाही." मी मान वळवून वळवून बघितलं. कोण ही कणा नसलेली बाई? शेजारणीला कोपरानं ढोसलं. "कोन गं ती येडी?" शेजारणीनं भरल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझा हात दाबला. मला वाटलं, हिची कंबर दुखत असेल.

मुकादमाची बायको नवरा गेल्यावर लगेच परळीला लेकीकडं राहायला गेली होती. जावई तिकडं वीज केंद्राच्या राखेच्या गाडीवर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, सगळे तिला अक्का म्हणायचे. दहाव्या वर्षी त्या शनिवारी ती आली. गुडघे गेलेले, हातात झाकणाची छोटी बादली, अंगावर पांढरं लुगडं. खरं तर राखाडीच. मी निम्मी कबर रंगवली होती. अक्का माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"सरक पोरी. इतकी वर्सं तू केलंस. यंदा माज्या हातानं देते."

मी हसले. "अक्का, परळीच्या राखंनं डोळे गेले का? ही माज्या आईची हाय. तुमचे मालक तिकडं काट्याखाली."

अक्कासुद्धा हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. वस्तीत माझी ख्यातीच तशी. मग माझं तोंड बघून ती थांबली.

"अगं, काट्याखाली तुजी आई. काटे मीच टाकायला लावले, त्या साली कुत्री लई झालती. मातीला मी होते की. शेवटलं पाणी मीच तर घातलं तिला."

माझ्या हातातला कुंचा तसाच गळत होता, दगडांवर, माझ्या पायांवर.

"पाणी पिऊन काय म्हणली?"

"म्हणली, 'आली का?' मी म्हणलं, 'येतीय, वाटंवर हाय.' खोटंच म्हणलं."

नऊ फांद्या मी तिच्यावर टाकल्या होत्या. पण फांद्यांचं मला इतकं काही वाटलं नाही, त्या उचलून टाकता येतात. प्रार्थनेचं काय करायचं? नऊ वर्षं मी देवाकडं मागत होते की हिला सगळ्यांच्या मागून उठव, हिला बंद दार दाखव. आई त्या दिवशी उठून बसेल, इकडं-तिकडं बघेल आणि पुन्हा विचारेल, आली का? आणि तिला थांबायला सांगणारी तिचीच लेक असेल. मुकादमानं चार दिवस थांबवलं होतं. मी तर शेवटपर्यंत थांबवायला निघाले होते.

हे सगळं मी अक्काला तिथंच सांगून टाकलं. गूळ, फांद्या, प्रार्थना. काही लपवलं नाही. "अक्का, मी माफबिफ काय केलं न्हाई. मी नुस्ती चुकले. मला ठाऊक असतं तर ह्या दगडाला मी पाणीसुदिक लावलं नसतं."

अक्का दगडावर बसली. आपल्या नवऱ्याच्याच. लुगड्याच्या काठाला लागलेली माती नखानं काढत राहिली. पलीकडं शेजारणी कबरी झाडत होत्या.

"लोकं मला परळीला येऊन सांगायची," ती म्हणाली, "की तू सवताच्या आईची कबर तशीच ठिवून त्यांच्यावर चुना देतीस. मी लेकीला म्हणायची, बघ, जिचं वाईट केलं तिनंच पांढरं केलं, आता देव काय म्हणंल?"

मी विचारलं, आणि आजही मला त्या विचारण्याची लाज वाटते, "मरताना माजं काय नाव काढलं का त्यांनी? सोडायला पायजे व्हतं, आसं?"

अक्कानं मान हलवली. "न्हाई गं. चहा मागितला. आन् साखर कमी हाय म्हणले."

दुसरी कुणी असती तर खोटं बोलली असती. अक्का स्वतः माझ्या आईशी बोलली होती तसं. तिनं माझ्याशी खरं बोलणं हा मला मान वाटावा की शिक्षा, ते अजून ठरलेलं नाही.

मी आईवरचे काटे उचलायला लागले. जुने मातीत रुतले होते, हातांतून रक्त आलं. बादलीत उरलेला सगळा चुना आईला दिला. मुकादमाची कबर निम्मी पांढरी, निम्मी मातकट तशीच राहिली. अक्कानं आपली छोटी बादली उघडली नव्हती. मी म्हटलं, "अक्का, इथून फुडं त्यांचं तुमी बघा. माज्यानं होणार न्हाई."

चांगल्याचा शेवटी जय होणार हे मी आजही मानते. नातीला रोज तेच शिकवते, आणि ती तिच्या मोबाइलवर माझं शिकवणं टिपून ठेवून मैत्रिणींना पाठवते. पण तो जय कसा दिसेल ते मला आता सांगता येत नाही. पूर्वी येत होतं. त्यात एक बंद दार होतं आणि दाराबाहेर मुकादम होता. आता मी ते चित्र मनात आणायला जाते, तर दाराबाहेर कधी आई दिसते, कधी काट्याची फांदी घेतलेली मीच. देवाकडं मी माझी नऊ वर्षांची प्रार्थना परत मागितली आहे. त्यानं परत दिली की नाही, हे कळायला त्याच दिवसापर्यंत थांबावं लागणार. कधी कधी भीती वाटते.

अक्काही आता तिथंच लिंबाखाली आहे, मुकादमाच्या शेजारी. दर शनिवारी, म्हणजे त्या एका शनिवारी, मी तिघांनाही चुना देते. आधी आईला, मग अक्काला. मुकादमाच्या वेळेला कुंचा अजून जड होतो. एखाद्या वर्षी चुना पातळ बसतो, दगडाचा रंग दिसत राहतो. नात म्हणते, "आजी, इथं राहिलं बघ." मी म्हणते, राहू दे.

पण देते. कारण त्या दिवशी "माज्यानं होणार न्हाई" असं म्हणून मी निघाले, तेव्हा अक्कानं माझ्या पदराला धरलं आणि म्हणाली :

"तुला माफ करता येत न्हाई तर नको करू, पोरी. पर चुना द्यायचं सोडू नको. त्या दिशी देवानं इचारलं, तर मला काय तरी दाखवाया पायजे."